गुडघेदुखी व संधिवात : औषधें, लेप आणि रोजची वहिवाट

आमच्या सभासदांस या मासिकांत खतें, बियाणें, करपा व मर यांविषयींचे लेख वाचण्याची संवय आहे. त्यांत गुडघेदुखीचा पाठ पाहून कित्येकांस नवल वाटेल. परंतु कुरुळी, निघोजे, चिंबळी, मोई या आमच्या टापूंत जो पालट झाला आहे त्याचा विचार केला असतां हा विषय शेतीचाच आहे असें आम्हांस वाटतें. चाकणच्या औद्योगिक वसाहतीमुळें तरुण मुलें कारखान्यांच्या पाळ्यांत गुंतलीं. जी थोडीबहुत जमीन राहिली ती पन्नाशी-साठी उलटलेल्या आईबापांच्या अंगावर आली. कांद्याचें रोप लावणें, खुरपणी, काढणी, पात कापणें हीं सारीं कामें उकिडवें बसून करावयाचीं, आणि बसणारे गुडघे मात्र साठ वर्षांचे. गुडघा बसला कीं वाफा पडीक राहतो, मजुरी दुप्पट होते, आणि शेवटीं ‘आतां जमीन विकून टाकूं’ ही भाषा घरांत सुरू होते. अशीं दोन-तीन घरें आम्हीं स्वतः पाहिलीं आहेत, म्हणून हा लेख.

हें दुखणें केवळ आमच्याच पंचक्रोशीचें नव्हे. आपल्याच पुणें जिल्ह्यांत, इंदापूर तालुक्यांतील भिगवण या गांवीं इ. स. १९९६ मध्यें पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेनें पुरस्कारिलेल्या पद्धतीची ती पाहणी होती. चार हजारांहून अधिक प्रौढ माणसांची विचारपूस झाली, तेव्हां शेंकडा सुमारें १८ जणांस हाडें, सांधे किंवा स्नायू यांचें कांहीं ना कांहीं दुखणें असल्याचें आढळलें. आमवात म्हणून जो खरा दाहक रोग, तो मात्र शेंकडा अर्ध्याच्या सुमारास, म्हणजे दोनशें माणसांत एकास होता. आमचा जन्म महसुली दप्तरांतील पत्रकें भरण्यांत गेल्यामुळें आंकड्यांस आम्ही सहसा भुलत नाहीं. परंतु या दोन आंकड्यांमधील अंतर प्रत्येक घरानें ध्यानांत धरण्याजोगें आहे. पुष्कळांचें दुखणें एक आणि थोड्यांचें अगदीं निराळें असतें. दोघांस एकच औषध देऊं लागलें म्हणजे त्या थोड्यांचा घात होतो.

आपल्याकडे सांधा दुखला कीं ‘वात धरला’ असें म्हणून मोकळें होण्याची चाल आहे. जुन्या वैद्यांची तशी चाल नव्हती. माधवनिदानांत आमवात हा स्वतंत्र रोग म्हणून वर्णिला आहे. वातरक्त निराळें, आणि सांध्यांत शिरलेला वात निराळा. आजचे डॉक्टरही शब्द बदलून बहुतेक हाच भेद करितात. ज्यास आपण झीज म्हणतों ती बहुधा पन्नाशीनंतर येते, गुडघ्यांस आधीं धरते, चाललें किंवा जिना चढला कीं वाढते, आणि विसाव्यानें उतरते. सकाळीं उठतांना सांधे आखडलेले असले तरी अर्ध्या तासाच्या आंत ते मोकळे होतात. आमवाताचें वर्तन याच्या उलट. तो ऐन तिशी-चाळिशींतही येतो, स्त्रियांस अधिक होतो, दोन्ही हातांच्या बोटांचे व मनगटांचे सांधे एकदमच सुजवितो, सकाळीं तासभर मूठ मिटूं देत नाहीं, आणि विसाव्यानें कमी होण्याऐवजीं वाढतो. ज्या बाईस गाईची धार काढतांना बोटें वळत नाहींत, भाकरी थापतांना मनगट धरतें, आणि असें सहा आठवडे चाललें आहे, तिनें तेलें चोळीत बसूं नये. तिनें रक्त तपासून घ्यावें व संधिवाताच्या तज्ज्ञाकडे जावें. या रोगांत पहिलीं एक-दोन वर्षें फार मोलाचीं असतात. तेवढ्यांत योग्य औषध सुरू झालें तर बोटें वांकडीं होण्याचें टळतें. त्यावरील मुख्य औषध मेथोट्रेक्सेट हें आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. तें चुकून रोज घेतल्यानें माणसें दगावलीं आहेत, म्हणून घरांतील वाचतें मूल जवळ बसवून वार ठरवून घ्यावा.

वातरक्ताची ओळख सोपी आहे. रात्रीं निजतांना कांहीं नव्हतें, आणि पहांटे पायाचा आंगठा लाल होऊन पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना, तर तें बहुधा तेंच. बिअर व वजडीचें कालवण यांशीं त्याचें सख्य आहे. इ. स. २००६ मध्यें महाराष्ट्रांत चिकुनगुन्याची मोठी सांथ आली होती. त्या तापानंतर महिनोगणती सांधे धरलेलीं माणसें अनेकांस आठवत असतील. आणि एकच सांधा एकाएकीं लाल व गरम होऊन अंगांत ताप भरला, तर तो पू झाल्याचा संशय समजून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. त्यास दुसरा उपाय नाहीं.

एवढी वांटणी करून आतां झिजेच्या गुडघ्याकडे वळूं, कारण आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचें दुखणें हेंच आहे.

गुडघ्याचें दुखणें म्हणजे गाडीचा आंस झिजावा तशी गोष्ट, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि आंस झिजूं नये म्हणून गाडी उभी करून ठेवावी, तसा गुडघाही वापरूं नये, असें त्यापुढील अनुमान. आमचेंही तेंच मत होतें, व तें चूक होतें. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिच्यांत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यांत वंगणासारखा जो द्रव असतो त्यावरच तिचें पोषण चालतें. आणि तो द्रव कूर्चेंत शिरण्यास व बाहेर पडण्यास सांधा दाबला जाऊन सुटावा लागतो. ओली पिळवटलेली चिंधी सोडली म्हणजे पुन्हां पाणी ओढून घेते, तसाच हा प्रकार. चालणें थांबलें कीं हें पोषण मंदावतें. शिवाय मांडीचा पुढचा स्नायू, जो प्रत्येक पावलाचा धक्का आपल्या अंगावर घेतो, तो बसून बसून वाळतो व सारा भार हाडावर येतो. दावणीला बांधून ठेवलेला बैल पेरणीच्या दिवशीं कसा अडखळतो हें शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको.

याची प्रचीति आम्हांस घरींच आली. आमच्या कुटुंबाचा उजवा गुडघा कांदा-लागवडींत धरला. आम्हीं मोठ्या ममतेनें तिला सहा महिने बसवून ठेवलें, व पुतण्यानें पुण्याहून आणलेल्या महागड्या गोळ्या चालविल्या. परिणाम असा झाला कीं वजन वाढलें आणि उंबरा ओलांडण्यासही हात धरावा लागूं लागला. पुढें एका व्यायामोपचार करणाऱ्या मुलीनें जें सांगितलें तें इतकें साधें होतें कीं आम्हांस प्रथम त्याचा विश्वासच वाटेना. खुर्चीवर ताठ बसून एक पाय गुडघ्यांत सरळ करावा, मांडी आवळून दहा अंक मोजावे, मग सावकाश खालीं घ्यावा. असें प्रत्येक पायानें दहा वेळां, दिवसांतून दोनदां. निजल्यावर गुडघ्याखालीं टॉवेलाची गुंडाळी ठेवून ती गुडघ्यानें दाबावी व तसेंच अंक मोजावे. कांहीं दिवसांनीं हाताचा आधार न घेतां खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा सराव करावा. आणि रोज सपाट वाटेवर, आधीं दहा मिनिटें व मग वाढवीत अर्धा तास, चालावें. दुखणें थोडें वाढलें तर भिऊं नये. दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत तें मूळ पायरीवर आलें तर व्यायाम मानवला असें समजावें. न आलें तर संख्या निम्मी करावी. पहिले तीन आठवडे कांहींच फरक दिसला नाहीं. सहाव्या आठवड्यानंतर ती एकटी देवळांत जाऊन आली.

वजनाविषयीं बोललें कीं आपल्याकडे राग येतो, तरी तें लिहिणें भाग आहे. चालतांना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कैक पट भार येतो. स्थूल व गुडघेदुखी असलेल्या माणसांवर झालेल्या अमेरिकेंतील एका अभ्यासांत असें दिसलें कीं वजन एक किलो उतरलें असतां प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो. पांच किलो उतरले म्हणजे पावलागणिक वीस किलो. चाकणच्या बाजारांत कांद्याची पिशवी पाठीवर घेणाऱ्यास वीस किलोंचा अर्थ ठाऊक आहे. भाकरी सोडावी असें आम्ही म्हणत नाहीं. दिवसांतून पांच वेळां होणारा साखरेचा चहा, फरसाण व रात्रीं उशिराचें जेवण एवढेंच आवरलें तरी पुष्कळ होतें.

कामाची रीत बदलणें हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि सर्वांत कमी केला जाणारा. गुडघा पूर्ण मिटून उकिडवें बसलें असतां सांध्यावर पडणारा दाब फार मोठा असतो. लागवड वांकून किंवा बसूनच होते हें खरें. पण पात कापणें, कांदा निवडणें, लसूण सोलणें हीं कामें बुटक्या चौरंगावर किंवा उलट्या घमेल्यावर बसून करतां येतात. आमच्या आळींतील बायका प्रथम हंसल्या. आतां त्यांच्यापैकीं चौघींजणी शेतांत जातांना चौरंग बरोबर नेतात. ओळींत लावलेल्या पिकास खुरप्याऐवजीं उभ्यानें चालवावयाचें सायकल कोळपें वापरावें. एकाच बैठकींत वाफा संपविण्याची ईर्षा सोडावी. अर्ध्या तासानें उठून चार पावलें चालावें. घरांत कमोड बसविण्यास जुन्या माणसांस संकोच वाटतो, त्यांनीं तो टाकावा. काठी वापरणाऱ्यांची एक चूक आम्ही नेहमीं पाहतों. ज्या बाजूचा गुडघा दुखतो त्याच हातांत ते काठी धरतात. काठी दुसऱ्या हातांत धरावी, व दुखरा पाय आणि काठी एकदमच पुढें टाकावीं. आळंदी जवळ असल्यानें आमच्याकडे वारी करणारे पुष्कळ. त्यांनीं प्रस्थानाच्या दिवशींच चालण्यास आरंभ न करतां दोन महिने आधींपासून पायांस संवय लावावी, आणि झिजलेल्या चपला घरीं ठेवाव्या.

आतां बाहेरून लावण्याचे उपाय. शेकानें झिजेच्या सांध्यास खरोखर बरें वाटतें. गरम पाण्याची पिशवी असो कीं तव्यावर तापविलेल्या मिठाची पुरचुंडी असो, गुण सारखाच. मात्र लाल व गरम झालेल्या सांध्यास शेक देऊं नये, त्यास थंड पट्टी मानवते. आणि ज्या मधुमेह्यांच्या पायास बधिरपणा आहे त्यांनीं शेकापासून जपावें, कारण कातडी भाजल्याचें त्यांस कळत नाहीं. तिळाचें तेल, महानारायण तेल, निर्गुडीचा पाला यांचा उपयोग पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. चोळण्यानें स्नायू सैल होतात, झोंप लागते, व दुखऱ्या माणसाजवळ कोणी तरी घटकाभर बसतें; एवढा गुण त्यांत निश्चित आहे. झिजलेली कूर्चा त्यानें भरून येत नाहीं. गंधपुऱ्याचें तेल व मेंथॉल घातलेले बाम कातडीवर चुरचुर उत्पन्न करून खालची कळ झांकतात. मिरचीच्या तिखटपणाचें जें सत्त्व, कॅप्सेसिन, त्याचें मलम मिळतें. तें दिवसांतून तीन-चार वेळां असें कांहीं आठवडे नेटानें लाविलें तर कळ पोंचविणाऱ्या मज्जातंतूंची धार बोथट होते. म्हणून कोणी घरची लवंगी वाटून गुडघ्यास बांधूं नये, फोड येतील. मलम लाविल्यावर हात साबणानें धुवावे व डोळ्यांस लावूं नयेत.

या सर्वांत ज्याच्या बाजूनें पुरावा अधिक भक्कम आहे तें म्हणजे डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकाचें मलम. इ. स. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या परदेशांतील तज्ज्ञमंडळांच्या मार्गदर्शनांत गुडघ्याच्या झिजेसाठीं गोळीच्या आधीं या मलमासच स्थान दिलें आहे. याचें कारण सरळ आहे. गोळीच्या मानानें फारच थोडा अंश रक्तांत उतरतो, आणि पोट व मूत्रपिंडें बचावतात.

बिब्बा घालणें, डाग देणें व रुईचा चीक लावणें या तीन गोष्टी मात्र बंदच केल्या पाहिजेत. एका कळीवर दुसरी मोठी कळ उठविली कीं पहिली चार दिवस विसरते, एवढेंच त्यांतील रहस्य. बिब्ब्यानें उठलेल्या जखमा चिघळून महिना-महिना अंथरुणास खिळलेलीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत.

पोटांत घेण्याच्या पूरक औषधांचा बाजार मोठा आहे, म्हणून त्यांची झडती घेऊं. ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉइटिन यांची परीक्षा अमेरिकेंत सरकारी खर्चानें झाली व तिचा निकाल इ. स. २००६ मध्यें प्रसिद्ध झाला. दीड हजारांहून अधिक रुग्णांत, एकंदरींत पाहतां, हीं औषधें नुसत्या पिठाच्या गोळीहून सरस ठरलीं नाहींत. पुतण्यानें आणलेल्या गोळ्या त्याच होत्या. आपल्या सातपुड्याच्या रानांत होणाऱ्या सालई वृक्षाच्या डिंकाची परीक्षा नागपुरास झाली, ती इ. स. २००३ मध्यें छापून आली. तींत गुडघ्याची कळ व सूज कमी झाली, पण रुग्ण अवघे तीस होते. त्याहून मोठी परीक्षा, सुंठ, गुळवेल, सालई इत्यादि वनस्पतींच्या गोळ्यांची, डॉ. चोप्रा यांच्याच पुढाकारानें झाली व इ. स. २०१३ मध्यें प्रसिद्ध झाली. चोवीस आठवड्यांत त्या गोळ्या ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब या दोहोंच्या बरोबरीच्या ठरल्या. ग्लुकोसामाइनच्या बरोबरीस येणें ही कांहीं मोठी पदवी नव्हे; सेलेकॉक्सिबच्या बरोबरीस येणें ही आहे. परंतु त्याच परीक्षेंत कांहीं रुग्णांच्या यकृताच्या तपासणींत बिघाड दिसला व औषध थांबविल्यावर तो निवळला, हेंही तेथेंच लिहिलें आहे. झाडपाल्यास दुष्परिणाम नसतो असें सांगणाऱ्या विक्रेत्यास ही ओळ वाचून दाखवावी.

हळदीच्या सत्त्वाच्या गोळ्यांनीं कांहींची कळ बेताची कमी होते. रक्त पातळ करण्याचें औषध चालू असणाऱ्यांनीं मात्र त्या डॉक्टरांस विचारल्याखेरीज घेऊं नयेत. भाजींतील चिमूटभर हळद ही चवीपुरती आहे, तिनें औषधाचें काम होत नाहीं. माशाच्या तेलाचा थोडा उपयोग आमवातांत दिसला आहे. जवसाची चटणी उत्तम खाद्य आहे, पण तिच्या बाजूनें तसा पुरावा नाहीं. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व तपासणींत कमी निघालें तरच घ्यावें. सांध्याच्या कळीवर तें औषध नव्हे, आणि ड जीवनसत्त्वाचीं मोठीं इंजेक्शनें वरचेवर टोचून घेणें हें घातक आहे.

वेदनाशामक गोळ्यांविषयीं आमच्या वाचकांस एक जवळचा दाखला देतों. गांवाबाहेर मेलेल्या ढोरावर पूर्वीं गिधाडें उतरत, तीं आतां दिसत नाहींत. दुखणाऱ्या गुराढोरांस डायक्लोफेनॅक टोंचीत. तें अंगांत असतां मेलेलें जनावर खाल्लें कीं गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होऊन तीं मरत. इ. स. २००४ मध्यें हें सिद्ध झालें, व इ. स. २००६ मध्यें जनावरांसाठीं त्या औषधास आपल्या सरकारनें बंदी केली, पुढें इ. स. २०२३ मध्यें त्याच जातीच्या आणखी दोन औषधांस केली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाहीं हें खरें. तथापि रक्तदाबाचें औषध चालू असलेला साठीचा शेतकरी उन्हांत दिवसभर घाम गाळून, पाणी न पितां, हीच गोळी महिनेच्या महिने दुकानांतून आणून खातो, तेव्हां त्याचींही मूत्रपिंडें तोच मार्ग धरूं शकतात. पोटांत व्रण होऊन काळी शौचास होणें हा दुसरा धोका. चार दिवसांची गोळी डॉक्टरांनीं दिली तर ती चार दिवसच घ्यावी, जेवणानंतर घ्यावी.

याहूनही वाईट म्हणजे पुडीचें औषध. आम्हीं स्वतः एका बाजारांत बसणाऱ्या विक्रेत्याकडून ‘गठियाची’ म्हणून बिननांवाची भुकटी घेतली. तिसऱ्या दिवशीं कळ नाहींशी झाली; भूक वाढली, चेहरा भरला, आणि लोक प्रकृति सुधारली असें म्हणूं लागले. चार महिन्यांनीं साखर दुपटीवर गेली व साध्या खरचटण्यानें हातावर काळेनिळे डाग पडूं लागले. डॉक्टरांनीं पाहतांक्षणीं विचारलें, ‘पुडी कोणाची घेतां?’ अशा भुकट्यांत स्टेरॉइड मिसळलेलें असतें. रागाच्या भरांत आम्ही ती उकिरड्यावर फेकणार होतों, त्यांनीं अडविलें. पुष्कळ दिवस स्टेरॉइड पोटांत गेल्यावर शरीर आपलें नैसर्गिक द्रव्य करावयाचें थांबवितें, व पुडी एकदम सोडली तर माणूस चक्कर येऊन, रक्तदाब उतरून कोसळूं शकतो. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालींच पायरीपायरीनें उतरवावी लागते. आम्हांस त्यास तीन महिने लागले. ज्यांच्या घरांत अशी पुडी आजही चालू आहे त्यांनीं ती लपवूं नये. पुडीसकट दवाखान्यांत जावें.

हें सर्व करूनही ज्याची रात्रीची झोंप कळीनें मोडते, पाय धनुकलीसारखा वांकला आहे, त्यानें शस्त्रक्रियेस भिऊन वर्षें घालवूं नयेत. कृत्रिम गुडघ्याच्या किंमतीवर सरकारनें ऑगस्ट २०१७ मध्यें मर्यादा घातली, तेव्हांपासून त्या भागाचा खर्च पूर्वींपेक्षां बराच उतरला आहे. मात्र त्यानंतरही मांडीचा तोच व्यायाम करावाच लागतो.

आमच्याकडे रब्बी कांद्याची लागवड मार्गशीर्ष-पौषांत येते. ज्या बायामाणसांचे गुडघे गेल्या सालीं धरले असतील त्यांनीं दसऱ्यापासूनच खुर्चीवरील व्यायामास लागावें, म्हणजे रोप उपटेपर्यंत आठ-दहा आठवडे हातीं राहतात. चौरंग करवून घ्यावयाचा असेल तर तो एक वीत उंचीचा असावा व खालीं चार पायांऐवजीं दोन आडव्या पट्ट्या ठोकाव्या. ओल्या वाफ्यांत पाय रुततात, पट्ट्या रुतत नाहींत.